गळती आपली, शिक्षा रॅकला: ओ-रिंगसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय ओ-रिंगसाहेब,
कायमचा पत्ता: पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा सांधा, बेल्टच्या मागे
सध्याचा मुक्काम: आमच्या टेबलावरची काडेपेटी

विषय: आपल्या कर्तबगारीबद्दल अभिनंदन आणि काही किरकोळ तक्रारी

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम आपलं मनःपूर्वक अभिनंदन! आपण रबराचे, काळे, वर्तुळाकार. पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले जाल एवढाच आपला घेर. दुकानदार आपल्याला धड खोकंही देत नाही, चिमटीत धरून कागदाच्या पुडीत टाकतो. आणि तरीही दीड टनाची गाडी, तिचा मालक, एक चकाचक सर्व्हिस सेंटर आणि एक अख्खी गृहनिर्माण सोसायटी आपण कामाला लावलीत. पार्किंगमधल्या लाल थेंबांबद्दल सेक्रेटरींची लेखी समज मला आली, आपल्याला नाही. पाच आकडी अंदाजपत्रक माझ्या हातात पडलं, आपल्या नाही. एवढ्या मोठ्या प्रकरणात संशयितांच्या यादीत आपलं नावसुद्धा नव्हतं. तेलकट धंदे करूनही चारित्र्य इतकं स्वच्छ ठेवणं सगळ्यांना जमत नाही.

आपली कार्यपद्धती मी आता नीट समजून घेतली आहे. पंपाला जिथे प्रेशर पाइप जोडलेला असतो, त्या सांध्याच्या खाचेत आपली बैठक होती. इंजिनाच्या धगीत वर्षानुवर्षं दाबून बसल्यावर रबराचा गोलवा जातो. ते चपटं होतं, कडक होतं आणि दाब काढला तरी पुन्हा फुगत नाही. आपलं नेमकं तेच झालं आणि तेल झिरपू लागलं. पण ते आपण तिथल्या तिथे टपकू दिलं नाहीत, यातच आपली हुशारी. तेल पाइपाच्या अंगाअंगाने खाली उतरलं, स्टिअरिंग रॅकवर पसरलं, रॅकच्या सर्वांत खालच्या बोल्टवर जमलं आणि तिथून फरशीवर पडलं. खालून बघणाऱ्याला ओलाचिंब रॅक दिसला. वर बेल्टच्या आड बसलेले आपण कुणाला दिसला नाहीत.

सर्व्हिस सेंटरात गाडी लिफ्टवर चढली. गणवेशातल्या मुलाने खालून बॅटरी मारली, क्षणभर वर पाहिलं आणि निकाल झाला. अ‍ॅडव्हायझर हातातल्या टॅबकडे बघत म्हणाला, "सर, रॅक लीक आहे. असेंब्लीच चेंज करावी लागेल."

"तेल नेमकं कुठून येतंय?"

"रॅकमधूनच सर. पूर्ण ओला आहे ना."

पावसात भिजलेल्या माणसाला पाऊस पाडल्याबद्दल अटक करावी, तसा हा न्याय. बिचाऱ्या रॅकची बाजू मांडायला तिथे कुणी नव्हतं. आपण वरून हे सगळं ऐकत होतात आणि एक अक्षर बोलला नाहीत.

एरवी आपलं घराणं मोठं, त्यामुळे हे मौन जास्तच खटकलं. डेन्मार्कहून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या नील्स ख्रिस्तेनसेन नावाच्या यंत्रज्ञाने उतारवयात, १९३७ साली, आपल्या पूर्वजांसाठी पेटंटचा अर्ज केला. १९३९ साली ते मिळालं. खाचेत बसवलेली एक रबरी कडी, एवढंच ते. पण त्यातली अक्कल अशी, की तेलाचा दाब वाढला की कडी फटीकडे अधिक घट्ट रेटली जाते. म्हणजे शत्रूच्याच जोरावर शत्रूला अडवायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने हा शोध युद्धासाठी अत्यावश्यक ठरवला, कारखानदारांना तो वापरायची मुभा दिली आणि ख्रिस्तेनसेनच्या हातावर ठोक ७५,००० डॉलर ठेवले. तेव्हापासून विमानं, पंप, नळ, ट्रॅक्टर असं जिथे काही वाहतं तिथे आपलं गोत पसरलेलं आहे.

या घराण्याच्या इतिहासात एक पान असं आहे की तिथे थट्टा बाजूला ठेवावी लागते. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात जणांचा जीव गेला. बूस्टरच्या सांध्यातल्या ओ-रिंगा थंडीने ताठरल्या होत्या. चौकशी आयोगाच्या बैठकीत रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला, की गार झालेलं हे रबर दाबलं तर चटकन मूळ आकारात येत नाही. तिथे थंडी होती, इथे उष्णता आणि वय. रबराचा लवचीकपणा गेला की सांधा फितूर होतो, हे सूत्र दोन्हीकडे एकच. आणि तिथेही खरी चूक रबराची कमी, धोका सांगणाऱ्या इंजिनिअरांचं न ऐकणाऱ्यांची जास्त होती. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्यावर खटला चालवताना आपल्या साथीदारांना मला सोडायचं नाही.

त्याआधी आपल्या नोकरीच्या ठिकाणाबद्दल. अमेरिकेत पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने अवजड गाड्यांची चाकं वळवताना चालकांची होणारी दमछाक पाहिली. नोकरी सोडून तो तेलाच्या दाबाने चालणाऱ्या स्टिअरिंगच्या मागे लागला आणि १९२६ साली चालत्या गाडीवर त्याने ते दाखवलंही. प्रवासी मोटारीत ते विकायला यायला मात्र १९५१ उजाडलं. क्रायस्लरच्या इंपीरियलमध्ये ते पहिल्यांदा आलं. आपल्याकडच्या बोलेरो, सुमो, क्वालिस यांच्या पिढीतल्या अनेक गाड्यांच्या पोटात हेच तंत्र होतं. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला व्हॉल्व्ह ते तेल रॅकमधल्या पिस्टनच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला सोडतो आणि काम झालेलं तेल परतीच्या पाइपाने टाकीत येतं. सरळ रस्त्यावर हा दाब माफक असतो. गाडी उभी करून स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं की तो ७० ते १०० बारच्या घरात जातो. टायरमध्ये हवा साधारण २ बार असते, यावरून अंदाज यावा. म्हणून आपली गळती हायवेवर, कुणी बघत नसताना, बेताची असते. पार्किंगमध्ये गाडी मागेपुढे करताना, सेक्रेटरी गॅलरीत उभे असतात, तेव्हा तिला जोर चढतो. वेळ साधण्याचं हे कसब आपण कुठे शिकलात?

आता साथीदारांकडे वळू. आपण एकटे काय करणार होतात? थेंबभर तेल! त्याचा हजारोंचा खर्च करायला माणसं लागतात.

आपला पहिला साथीदार म्हणजे 'त्यात काय एवढं, घरीच करू' म्हणणारा गृहस्थ. प्रत्येक सोसायटीत तो असतो आणि रविवारी सकाळी बर्म्युडावर खाली उतरतो. त्याच्या हातात पक्कड असते आणि डोक्यात आदल्या रात्री पाहिलेला व्हिडिओ. टाकीतलं तेल कमी झालेलं दिसलं की घरात पडलेलं ब्रेक ऑइल तो त्यात ओततो. 'ऑइल ते ऑइल' हे त्याचं तत्त्वज्ञान. ब्रेक ऑइल हे मुळात खनिज तेलच नाही, ते ग्लायकॉलच्या कुळातलं. स्टिअरिंगमधली सीलं बहुधा नायट्राइल रबराची असतात. ब्रेक ऑइलमध्ये ती फुगतात आणि मऊ पडून निकामी होतात. म्हणजे सुरुवातीला एकटे आपण गळत होतात, आता पंपापासून रॅकपर्यंत आपलं सगळं खानदान गळू लागतं.

दुसऱ्या रविवारी तो 'लीक बंद करणारी' बाटली आणतो. त्या औषधाने जुनी सीलं थोडी फुगतात, मऊ होतात आणि काही काळ गळती थांबल्यासारखी वाटते. फाटलेला पाइप, चिरलेली टाकी किंवा तुटलेली ओ-रिंग त्याने जोडली जात नाही. तिसऱ्या रविवारी तो आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळतो. वास्तविक त्या सांध्यात तेल आटे अडवत नाहीत, आपण अडवता. त्या टेपचा तुकडा तेलात गेला तर तो थेट व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. मग तो नट अजून आवळतो, इतका की त्याचे कोपरे गोल होतात. त्यानंतर तिथे कुठलाच पाना लागत नाही.

इथवरचं नुकसान निदान पैशांचं. पण हाच गृहस्थ गाडी विटांवर चढवून खाली सरपटत जातो. वीट वजनाने दबत नाही, एकदम फुटते. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नसतं. त्यासाठी गाडीला टेकू देणाऱ्या घोड्या लागतात, सपाट जमीन लागते आणि मागच्या चाकांना अडण लागते. इंजिन चालू असताना 'कुठून येतंय बघू' म्हणून प्रेशर पाइपावरून बोट फिरवणाऱ्यांचं धाडस तर याहून मोठं. त्या दाबाने सुटलेली तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरू शकते. वरून छोटं टोचल्यासारखं दिसतं, आत बोट सडायला लागतं. ही तातडीने शस्त्रक्रिया करण्याची दुखापत आहे, हळद लावून घरी बसण्याची नव्हे. आणि तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल, तर आधी धूर येतो आणि नशीब खराब असेल तर आग.

दुसरा साथीदार म्हणजे 'पूर्ण असेंब्ली बदला' म्हणणारा तज्ज्ञ. त्याच्याकडे लिफ्ट आहे, एसी वेटिंग रूम आहे, मशीनची कॉफी आहे. तो लबाडच असतो असं मी म्हणणार नाही. त्याची अडचण वेगळी आहे आणि ती जुनी आहे. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थतज्ज्ञांनी ती मांडली: दुरुस्ती किती लागेल हे ठरवणारा आणि दुरुस्ती विकणारा जेव्हा एकच असतो, तेव्हा काम झाल्यावरसुद्धा गिऱ्हाइकाला कळत नाही की ते खरंच लागत होतं का. रॅक बदलला. प्रेशर पाइप काढला, तर सांध्यात नवी ओ-रिंग बसवायचीच असते, म्हणून तीही बसली. गळती थांबली. गिऱ्हाईक खूश. थांबली कशाने, रॅकने की आपल्या जागी आलेल्या दहा-वीस रुपयांच्या वारसाने? कुणी विचारत नाही. सर्व्हिस सेंटर मनाने अगदी प्रामाणिक असेल, तरी त्याला स्वतःलासुद्धा हे कधी कळत नाही. पुढची गाडी ओली आली की पुन्हा 'रॅक लीक'. चुकीचं निदान करूनही रोगी बरा होतो, मग डॉक्टर शिकणार कशाला?

आणि तिसरा साथीदार? तो म्हणजे आम्ही, समस्त गिऱ्हाईकवर्ग. पुण्याच्या नाना पेठेत पार्टसाठी पैसे मोजायला आमची हरकत नसते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना रॅक मिळवण्यासाठी आम्ही दिवस घालवतो. लेबरवर घासाघीस करून का होईना, पैसे देतो. पण मेकॅनिक म्हणाला, "साहेब, आधी धुऊन बघावं लागेल, तासभर जाईल, त्याचे वेगळे होतील," की आमचा चेहरा पडतो. "नुसतं बघायचे कसले पैसे?" हे वाक्य या राज्यातल्या गॅरेजांत जितक्या वेळा उच्चारलं जातं, तितक्या वेळा 'गाडी तयार आहे' हेसुद्धा ऐकू येत नसेल. पार्टला नंबर असतो, फिटिंगला दर असतो, 'शोधलं' याला बिलात बहुधा रकानाच नसतो. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम कुणी करत नाही. मग मेकॅनिक न शोधण्याचे पैसे मोठ्या पार्टमधून वसूल करतो आणि आम्ही ते आनंदाने देतो, कारण निदान हातात काहीतरी दिसतं! साहेब, आपल्या सुखी आयुष्याचं रहस्य हेच आहे. आपण लपण्यात फार पटाईत नाही. आपल्याला शोधण्याची मजुरी कुणी देत नाही, म्हणून आपण सापडत नाही.

'स्वतः करावं की मेकॅनिकवर सोडावं' हा वाद मला म्हणूनच आता पोकळ वाटतो. घरचा गृहस्थ न शोधता बाटली ओततो, सर्व्हिस सेंटर न शोधता असेंब्ली बदलतं. दोघांचा पंथ एकच, फरक फक्त रकमेचा.

आपली अटक कशी झाली, हे आपल्याला आठवतच असेल. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमधले मिस्त्री. गाडी आल्यावर त्यांनी रॅककडे पाहिलंसुद्धा नाही. आधी बॉनेट उघडलं, टाकीत बोट बुडवून तेलाचा रंग आणि वास घेतला. मग म्हणाले, "साहेब, ओलं आहे ते सगळं आधी कोरडं करू. ओल्यात काय दिसणार? पण बघायचे पैसे घेईन हां, गळती सापडो ना सापडो."

मी हो म्हटलं. ते ऐकून मिस्त्रींच्या हातातलं फडकं क्षणभर थांबलं. त्यांना अशा उत्तराची सवय नसावी.

मग त्यांनी पंपापासून रॅकपर्यंत सगळं डिझेलने धुतलं, हवा मारली, कोरडं पुसलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. पोऱ्याला आत बसवून इंजिन सुरू केलं. "टोकाला नेऊन धरून ठेवू नकोस रे, नेला की सोड." टोकाला धरून ठेवलं की पंप पूर्ण दाबाने स्वतःशीच झुंजत तापत राहतो, म्हणून ही ताकीद. मिस्त्री एक हात मागे ठेवून, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन वरून बघत राहिले. वरून! सर्व्हिस सेंटरने खालून पाहिलं होतं, मिस्त्रींनी वरून पाहिलं, आणि सगळ्या प्रकरणाचा फरक एवढाच. तेल खाली ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं. म्हणून सर्वांत खालचा थेंब काही सांगत नाही. सर्वांत वरची ओल कुठे आहे ते बघायचं. ती होती आपल्या सांध्याला. आपण चमकत होतात.

"रॅक नाय गेला साहेब, वरनं येतंय," मिस्त्री म्हणाले आणि इंजिन बंद करून गार व्हायची वाट बघत चहा मागवला. मला त्यांचं घाई न करणं सगळ्यात आवडलं. मग सांधा उघडला, आपल्याला लाकडी काडीने उचललं (स्क्रू ड्रायव्हरने खाचेला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळते), खाच पुसली, आपला वारस त्याच तेलात बुडवून बसवला आणि नट हाताला जाणवेल इतपतच आवळला. टाकीत नवं तेल घातलं. पुढची चाकं घोड्यांवर उचलून, आधी इंजिन बंद ठेवून आणि मग चालू करून, स्टिअरिंग सावकाश इकडून तिकडे फिरवत आतली हवा काढली. टाकीतला फेस बसला, पंपाचं कण्हणं थांबलं. रॅक निर्दोष सुटला. आपल्याला मी मागून घेतलं आणि काडेपेटीत ठेवलं.

आता आपल्या वारसांसाठी आणि जातभाईंसाठी माझं धोरण जाहीर करतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. शोध घरी लावता येतो आणि लावायचाच. इंजिन ऑइल तपकिरी-काळं असतं, कूलंट पाण्यासारखं पातळ आणि बहुधा रंगीत, स्टिअरिंगचं तेल बऱ्याच गाड्यांत लाल. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवला की अर्धी चौकशी होते. पुसून, कोरडं करून, वरची ओल शोधली की उरलेली अर्धी. टाकीचं झाकण, टाकीची चीर, परतीच्या पाइपाची सैल झालेली क्लिप, हात पोहोचेल अशा जागची ओ-रिंग, हे मी स्वतः बघेन. तिथला दाब कमी असतो किंवा इंजिन बंद केल्यावर काम सुरक्षितपणे होतं. अट एकच: रिंग तेलात टिकणाऱ्या रबराची आणि नेमक्या मापाची हवी, तेल टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत छापलंय तेच. नळाची रिंग आणि शेजाऱ्याचं ब्रेक ऑइल, दोन्हींना दारातूनच नमस्कार.

रॅकच्या टोकाचं रबरी बेलो दाबून बघितलं आणि आत तेल भरलेलं लागलं, तर आतलं सील खरोखर गेलेलं आहे. पंपाच्या पुलीमागून तेल उडत असेल तर शाफ्टचं सील. प्रेशर पाइप धातूच्या टोपीपाशी पाझरत असेल तर पाइपच. यातलं काहीही मी विटांवर गाडी चढवून करणार नाही. त्यासाठी मेकॅनिक. पाइप पुन्हा बनवायचा असेल तर भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत जेसीबी आणि ट्रॅक्टरचे होज दाबून देणारी दुकानं आहेत. मात्र त्या दाबाचा आणि त्या तापमानाचा होज आहे ना, हे विचारूनच. साधा पाइप आणि दोन क्लिपा हा त्यावरचा इलाज नव्हे. रॅक उतरवायचा असेल तर स्टिअरिंग आधी बांधून ठेवा, नाहीतर ते भलतं फिरून एअरबॅगची वायर गुंडाळलेली चकती तुटते. आणि चढवल्यावर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय मी पैसे देणार नाही.

मेकॅनिककडे जाताना मी तीन वाक्यं पाठ केली आहेत. "गळती कुठून येते, ते मला डोळ्यांनी दाखवा. काढलेला पार्ट मला परत द्या. आणि शोधायचे पैसे वेगळे लावा, मी देतो." तिसऱ्या वाक्याशिवाय पहिली दोन म्हणण्याचा मला अधिकार नाही, हे आपल्या खटल्यातून उमगलं. कायदाही थोडाफार सोबत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. पण ओल वरून बघायची की खालून, हे कुठलाही कायदा कुणाला शिकवू शकत नाही.

आपल्याला एक बातमी द्यायची राहिली, तीही आनंदाची आहे असं वाटून घेऊ नका. सुझुकीने १९८८ साली जपानमध्ये सर्व्हो या छोट्या मोटारीत विजेवर चालणारं स्टिअरिंग आणलं आणि आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारींत तेच आहे. त्यात पंप नाही, पाइप नाही, तेल नाही, म्हणजे आपणही नाही. गळती कायमची बंद! त्या जागी मोटर, सेन्सर आणि एक सीलबंद डबा. तो बिघडला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, मशीन जोडून एक सांकेतिक क्रमांक वाचला जातो आणि पूर्ण असेंब्लीचं अंदाजपत्रक येतं. तिथे पुसून कोरडं करायला काही नसतं, वरून बघायलाही काही नसतं. कदाचित त्या डब्याच्या सॉकेटमधली एक पिन नुसती गंजलेली असेल. पण ती शोधायची मजुरी द्यायला आम्ही आजही तयार नाही, त्यामुळे आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या साथीदारांचा संसार पुढेही सुखाने चालेल. आपण फक्त निमित्त होतात.

म्हणून शिक्षेपुरतं सांगतो. काडेपेटीतून आपली सुटका होणार नाही. पुढच्या वेळी गाडी घेऊन जाईन तेव्हा आपल्याला बरोबर नेईन, अ‍ॅडव्हायझरच्या टॅबशेजारी ठेवीन आणि 'असेंब्ली' हा शब्द निघायच्या आत विचारीन, "तपासणीचे किती घेणार, तेवढं आधी लिहा." जो आकडा लिहील, त्याला काम मिळेल. जो हसेल, त्याला आपलं दर्शन घडवून मी गाडी बाहेर काढीन.

कळावे,

आपला (इतके दिवस आपल्याला फुकट पोसणारा)
एक वाहनमालक

ता. क. आपल्या जागी आलेल्या वारसाला कळवावे: वय त्यालाही होणार आहे. दर सर्व्हिसिंगला त्याची तपासणी होईल आणि तिचे पैसे मी देईन.